पत्र्याची मेख आणि लोहाराची ऐरण



वसंत ऋतूतील व्याख्यानांत तत्त्वज्ञान, साहित्य, इतिहास हे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला आम्ही आज ऐरण आणून बसवीत आहोत, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु आपल्या भाषेकडे पाहा. एखादा वाद निकराला आला की आपण म्हणतो, "प्रश्न ऐरणीवर आला." बोलण्यात ऐरण रोज येते, डोळ्यांपुढे मात्र ती आता क्वचितच येते. निर्मळच्या आसपासच्या वाड्यांतून हिंडणाऱ्या माणसाला ही गोष्ट चांगली जाणवते. केळीचा घड उतरवायला कोयता लागतो, भाजीच्या वाफ्यात खुरपे लागते, आळी करायला कुदळ लागते, आणि घरात विळीवाचून चालत नाही. या साऱ्या वस्तू अजून वापरात आहेत. पण त्यांची धार गेली, दांडा सैल झाला किंवा टोक वाकले, तर त्या कोणाकडे न्याव्यात हा प्रश्न आहे. लोहार जवळ नाही म्हणून चांगल्या पोलादाचे हत्यार भंगारात जाते, आणि त्याच्या जागी बाजारातून पातळ पत्र्याचे येते.

अशा वेळी एखादा हौशी तरुण, किंवा आपली हत्यारे आपणच नीट करू पाहणारा शेतकरी, स्वतःची लहानशी भट्टी घालण्याचे मनात आणतो. भट्टी जमते, भात्याऐवजी पंखा जमतो, हातोडा आणि सांडशीही जमते. अडते ते ऐरणीपाशी. मोठी पोलादी ऐरण महाग, आणि सहसा मिळतही नाही. मग भंगारवाल्याकडे त्याला एक चमत्कारिक वस्तू दिसते: वर लांबट चोच किंवा गुळगुळीत माथा, आणि खाली निमुळता चौकोनी दांडा. ती असते पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराची मेख. कारखान्यांत आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तिला 'स्टेक' म्हणतात. आपण या व्याख्यानापुरते तिला मेखच म्हणू. आता प्रश्न असा की, या मेखेवर लोहारकाम करता येईल काय? आज आम्ही या एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रथम दोन धंद्यांतील भेद ध्यानात घेऊ. पत्र्याचा कारागीर बहुधा थंड धातूवर काम करतो. त्याचा पत्रा पातळ असतो आणि तो त्याला दाबून जाड-पातळ करायचा नसतो. वाकवायचा, गोल करायचा, कड दुमडायची, सांधा बसवायचा, एवढेच असते. म्हणून त्याचे हत्यार म्हणजे एक प्रकारचा साचा होय. नरसाळे करायचे तर निमुळत्या शंकूसारखी मेख, सरळ घडी घालायची तर कुऱ्हाडीच्या पात्यासारखी, गोल तबकडीची कड उचलायची तर अर्धचंद्रासारखी, नळी गोल करायची तर लांब चोचीची. दांडा बाकावरील लोखंडी पाटाच्या भोकात बसवायचा, काम झाले की उपटून दुसरी मेख लावायची. घाव हलका, पुष्कळदा लाकडी मोगरीचा.

लोहाराचे काम याच्या उलट. त्याचे लोखंड जाड असते आणि ते सुमारे ९०० ते ११०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून नारिंगी-पिवळे झाले म्हणजे तो ते नुसते वाकवीत नाही, तर आतून हलवतो. लांबवतो, रुंदावतो, आखूड करून जाड करतो. त्याकरिता घावाचा जोर पृष्ठावर न थांबता धातूच्या गाभ्यापर्यंत गेला पाहिजे. 'शंभर सोनाराच्या, एक लोहाराची' ही म्हण आपण माणसांच्या भांडणाला लावतो. पण तिच्यात धंद्याचे सारे शास्त्र भरलेले आहे. पत्र्याची मेख ही सोनाराच्या ऐरणीच्या कुळातली, शंभर हलक्या घावांची. तिच्यावर लोहाराचा एक घाव घातला तर काय होईल?

येथेच खरी मेख आहे, आणि ती थोड्या गणिताने उकलते. हातोडा खाली येतो तेव्हा त्याच्यात काही शक्ती साठलेली असते. ऐरण अगदी सुटी ठेवलेली आहे असे समजा. घाव बसला की त्या शक्तीचा काही भाग तापलेले लोखंड चेपण्यात जातो आणि उरलेला ऐरणीला ढकलण्यात फुकट जातो. लोखंड मऊ असल्याने हातोडा फारसा उसळत नाही असे धरले, तर हिशेब सोपा आहे: ऐरणीच्या वजनाला ऐरण आणि हातोडा यांच्या एकत्रित वजनाने भागावे, जे उत्तर येईल तेवढा हिस्सा कामी आला. आता मेख ५ किलोची आणि हातोडा १ किलोचा घ्या. शंभरापैकी सुमारे ८३ भाग कामी आले. काही वाईट नाही. त्याच मेखेवर ५ किलोचा घण चालवा: कामी येतात फक्त ५० भाग, निम्मी मेहनत वाया. तोच घण ५० किलोच्या ऐरणीवर चालवला तर सुमारे ९१ भाग कामी येतात, आणि १ किलोचा हातोडा चालवला तर ९८.

या चार आकड्यांत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आले. "मेख चालेल का?" असे विचारणेच अपुरे आहे, "कोणत्या हातोड्याखाली?" असे विचारले पाहिजे. एका हाताने पेलणाऱ्या हातोड्याखाली लहान मेख बऱ्यापैकी ऐरण ठरते. दोन हातांच्या घणाखाली तीच मेख नुसती खुंटी ठरते आणि घावागणिक जमिनीत किंवा लाकडात घुसत राहते.

आता कोणी म्हणेल, "पण आमच्याकडचा लोहार तर लहानशाच ऐरणीवर कुदळी आणि पहारी घडवीत असे, त्याचे गणित कसे जुळले?" हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. पाश्चात्त्य पद्धतीची, शिंग असलेली, उभ्याने काम करण्याची भली मोठी ऐरण ही आपल्याकडे कारखान्यांतून आणि रेल्वेच्या कार्यशाळांतून परिचित झाली. गावच्या लोहाराची जुनी ऐरण म्हणजे एक चौकोनी लोखंडी ठोकळा. तो जाड ओंडक्यात ठोकून बसवलेला आणि ओंडका जमिनीत पुरलेला. लोहार बसून काम करणारा. महाराष्ट्रात गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी समाजाचे बिऱ्हाड ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे चित्र आठवेल. रस्त्याच्या कडेला पाल पडते, जमिनीत लहानशी भट्टी होते, ऐरण रोवली जाते; पुरुष सांडशीत लोखंड धरून लहान हातोड्याने घाव कोठे हवा ते दाखवतो, आणि समोर उभी असलेली त्याची बायको दोन्ही हातांनी घण चालवते. त्या ऐरणीचा आकार पाहिला तर ती पत्र्याच्या मेखेची सख्खी बहीण शोभेल. ती खाली रोवलेली असते म्हणून टिकते. तिच्याखालचा ओंडका आणि ओंडक्याखालची दाबलेली माती ही ऐरणीचाच भाग होऊन जातात.

तेव्हा ऐरणीचे बळ तिच्या रूपात किंवा शिंगात नाही. हातोड्याच्या नेमके खाली किती वजन सलग आहे आणि घाव जमिनीपर्यंत किती सरळ पोचतो, यात ते आहे. हे एकदा पटले म्हणजे मेखेचा उपयोग कसा करावा हे आपोआप सुचत जाते.

पहिली गोष्ट बसवण्याची. मेखेचा दांडा निमुळता असतो. बाकाच्या लोखंडी भोकात तो घट्ट बसावा म्हणून तशी योजना आहे. पण तोच दांडा लाकडात नुसता ठोकला तर तो पाचरीसारखा वागतो. प्रत्येक घावाने आत शिरतो आणि शेवटी ओंडका फाडतो. म्हणून दांड्याच्या वर जेथे खांदा असेल, तेथे जाड लोखंडी पाट घालून घावाचा भार त्या पाटावर घ्यावा. खांदा नसेल तर भोकाच्या तळाशी लोखंडाचा तुकडा ठेवून दांड्याचे टोक त्यावर टेकवावे. ओंडका बाभळीचा किंवा चिंचेचा, जड आणि चिवट असावा. तंतू उभे असावेत. त्याच्या वरच्या टोकाला लोखंडी कडे तापवून चढवावे, जसे बैलगाडीच्या चाकाला धाव चढवीत तसे. निवताना ते आवळते आणि लाकूड फुटू देत नाही. ओंडक्याचा बराच भाग जमिनीत पुरून भोवती माती-खडी ठेचून बसवावी. आपल्याकडील वाड्यांची जमीन रेताड असेल तेथे हे काम अधिक निगुतीने करावे लागते, कारण भुसभुशीत रेती घाव गिळून टाकते.

बसवणी साधली की नाही हे कान सांगतो. घट्ट बसलेली मेख स्वच्छ वाजते. सैल असली तर आवाज बद्द येतो किंवा खडखडतो. एक गोष्ट विसरू नये: ओंडक्याचे वजन मेखेच्या वजनात मिळते ते दोहोंमध्ये फट नसेल तरच. मध्ये केसाएवढी फट असली तरी घावाच्या क्षणी मेख एकटी पडते, आणि मग पाच किलोचा हिशेब पुन्हा पाच किलोचाच राहतो.

दुसरी गोष्ट घाव कोठे घालावा याची. मेखेचा जो भाग दांड्याच्या नेमका वर आहे तेथेच जोराचा घाव घालावा. चोच लांब असते. तिच्या टोकावर घाव घातला की ती तरफेसारखी काम करते आणि सारा ताण मानेवर येतो. चोचीवर लोखंड वळवावे, चेपू नये. कडी, आकडा, अंगठीसारखा वेढा, पळीचा वाटोळा भाग, नळीच्या तोंडाची कड ही कामे तर चोचीवर मोठ्या ऐरणीच्या शिंगापेक्षाही चांगली होतात, कारण ती बारीक असल्याने अरुंद जागेत शिरते. म्हणूनच जाणते लोहार मोठी ऐरण असतानाही तिच्या चौकोनी भोकात लहानशी चोचीची मेख बसवून ठेवतात.

तिसरी गोष्ट धातूची पारख. काही मेखा घडीव पोलादाच्या असतात, काही ओतीव लोखंडाच्या. ओतीव लोखंड दाब सोसते, पण ताण आणि धक्का सोसत नाही. बारीक मान असलेली ओतीव मेख एखाद्या चुकार घावाने तुटू शकते. कानस हलकेच फिरवून पाहावी: ती माथ्यावर घसरली तर माथा पाणी दिलेला, म्हणजे कठीण आहे, सहज कापू लागली तर मऊ आहे. मऊ माथ्यावर लोहारकाम करता येते, फक्त खळगे लवकर पडतात. कठीण माथ्यावर मात्र हातोड्याचा कोरडा घाव कधीही पडू देऊ नये. कठीण पोलादावर कठीण पोलाद आदळले की कडेचा कपचा उडतो आणि तो डोळ्याच्या दिशेने आला तर जन्माचे नुकसान करतो. चष्मा लावणे यात भित्रेपणा नाही. माथ्याच्या तीक्ष्ण कडा घासून किंचित गोल कराव्यात. त्याने कपचा उडण्याचे भय कमी होते आणि तापलेल्या लोखंडात खाच पडत नाही.

उष्णतेचाही विचार हवा. पाणी दिलेले साधे पोलाद सुमारे २०० अंशांच्या पुढे तापत गेले की त्याचा कठीणपणा उतरू लागतो. मोठ्या ऐरणीला हे भय फारसे नाही; तिच्या अंगात उष्णता पसरून जाते. मेखेची चोच बारीक. तिच्यावर नारिंगी लोखंड वारंवार ठेवले तर ती लवकर तापते. घासलेल्या पोलादावर गवतासारखा पिवळा रंग दिसू लागला की उष्णता सुमारे २२० अंशांवर गेली असे समजावे आणि काम थांबवून मेख निवू द्यावी. निळा रंग आला तर ती ३०० च्या आसपास पोचली, म्हणजे थोडा उशीरच झाला.

आणि चौथी गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. चांगली, घोटून आरशासारखी केलेली मेख हाती आली असेल तर तिच्यावर लोहारकाम करू नये. पत्र्याच्या कामात माथ्यावरील प्रत्येक ओरखडा पत्र्यावर उमटतो. तापलेल्या लोखंडाची खपली आणि हातोड्याचे खळगे यांनी तो माथा एकदा बिघडला की तांबट किंवा पत्र्याचा कारागीर यांच्या दृष्टीने ती मेख मेली. पुण्याच्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यावर सारख्या अंतराने ठोके उमटवून मठारकाम केले जाते. ते ठोके शोभेसाठी आहेतच. पण त्यांनी तांबे कठीण होते, भांड्याला ताठपणा येतो. त्या कारागिराचे अर्धे कौशल्य त्याच्या हातात असते आणि अर्धे त्याच्या घोटीव आधारात. म्हणून आधीच खळगे पडलेली, टाकून दिलेली मेख लोहारकामास घ्यावी, आणि सुस्थितीतील मेख तिच्या धंद्यातील माणसाच्या हाती पोचवावी. एका कारागिरीला उभी करण्यासाठी दुसरीचे हत्यार मारणे हा काही उद्धार नव्हे.

हे दोन धंदे आपल्या देशात फार जुन्या काळापासून शेजारी शेजारी नांदत आले आहेत. विदर्भात नागपूरजवळ माहुरझरी येथील महापाषाणयुगीन शिळावर्तुळांच्या उत्खननात लोखंडी कुऱ्हाडी आणि इतर हत्यारे सापडली, आणि घोड्याच्या मस्तकावर घालण्याचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही सापडले. त्याच भागात नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. म्हणजे जाड लोखंडावर घाव घालणारा हात आणि पातळ तांबे वळवणारा हात, दोघेही त्या समाजात होते. आपल्या अगदी जवळचे उदाहरण सोपाऱ्याचे. तेथील स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक निघाला. त्याच्या आत क्रमाने चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा असे करंडक एकात एक बसवलेले होते. सोन्याची फुलेही होती. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. सोन्याची बारीक फुले आणि दगड फोडण्याची छिन्नी एकाच बंदराच्या गावी लागत होती, आणि दोन्हींच्या मुळाशी कोठेतरी एक ऐरण होती. निर्मळ क्षेत्राची पुराणकथा तर परशुरामाशी जोडलेली. आणि परशु हे शस्त्र ऐरणीवाचून घडत नाही, मग ते देवाच्या हाती असो की लाकूडतोड्याच्या.

आता व्यवहाराकडे वळू. मेखेवर काय करावे आणि काय करू नये याची मर्यादा आम्ही अशी घालू. खिळे, कड्या, आकडे, बिजागरीची पट्टी, खुरप्याची मान, लहान सुरी, विळ्याचा बाक, वाकलेल्या हत्याराचे टोक सरळ करणे, ही कामे १ किलोपर्यंतच्या हातोड्याने नीट बसवलेल्या मेखेवर करावीत. जुन्या मोटारीच्या कमानपट्टीचे पोलाद घेतल्यास लहान पात्याला धार चांगली धरते. मात्र ते पुरते तापलेले असतानाच घडवावे, काळे पडू लागले की परत भट्टीत घालावे. कुदळीचे नेढे, पहारीचे टोक, जाड कोयत्याचे पाते, दोन लोखंडे तापवून एकजीव करण्याचा सांधा, ही घणाची कामे मेखेवर करू नयेत. त्यासाठी भंगारातून जाड पोलादाचा ठोकळा किंवा रेल्वेच्या रुळाचा रीतसर विकत मिळालेला तुकडा आणावा. रूळही आडवा ठेवण्यापेक्षा ओंडक्यात उभा रोवावा, म्हणजे त्याचे सारे वजन घावाखाली येते. त्याचा माथा दिसायला लहान, पण अंगात बळ पुष्कळ. पुन्हा तोच नियम: रूप पाहू नये, घावाखालचे वजन पाहावे.

आम्हांला येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आजच्या हौशी माणसाला जे पुस्तकांतून आणि प्रयोगांतून शिकावे लागते, ते घिसाडी आणि गावचा लोहार यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. हातोडा हलका तर ऐरण लहान चालते, घण जड तर ऐरण खोल रोवावी लागते, हे त्यांनी समीकरण मांडून शोधले नाही; खांद्याच्या आणि मनगटाच्या दुखण्यातून ते त्यांना कळले. आपण मात्र त्या लहानशा ऐरणीला मागासलेपणाची खूण समजत आलो. ज्या समाजाने आपल्या शेतीला हत्यारे पुरवली, तो महाराष्ट्राच्या सरकारी यादीत भटक्या जमातींत मोडतो. त्याच्या मुलांना शाळेचा आणि घराचा कायमचा पत्ता मिळवणेही कठीण गेले. निर्मळला कार्तिक वद्य एकादशीपासून जत्रा भरते. अशा जत्रांत, शाळांत, शेतकरी मंडळांत एखादा अनुभवी लोहार किंवा घिसाडी बाई-माणूस मानाने बोलावून, योग्य मोबदला देऊन, चार तरुणांना हत्याराला पाणी कसे द्यावे ते शिकवायला सांगितले, तर त्या एका दिवसाने आमच्या या व्याख्यानापेक्षा अधिक काम होईल.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. पत्र्याच्या मेखेवर लोहारकाम करता येते; मात्र हातोडा लहान, बैठक पक्की आणि घाव दांड्याच्या माथ्यावर हवा, आणि मेख दुसऱ्याच्या उपयोगाची उरलेली नसावी. मोठी ऐरण मिळेपर्यंत कोणी हात जोडून बसू नये. वाडीतले बोथट खुरपे येत्या पावसाळ्याआधी पुन्हा कामाला लागले, तर त्या ओंडक्याचे आणि त्या मेखेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.